झिजवलेल्या कडा

६ जून

ती. ताईस, साष्टांग नमस्कार.

तू रंगवून पाठवलेलं कपाट टेम्पोतून सुखरूप उतरलं. मोडीत घेतलेलं दहा वर्षांचं कपाट चांगलं शंभर वर्षांचं दिसतंय.

पण माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे तुला ठाऊकच आहे. जिच्याशी माझं लग्न ठरतंय, ती परवा घर बघायला आली. कपाटावरून हात फिरवत तिने विचारलं, हे कुणाचं? मी बोलून गेलो, आमच्या आजोबांनी स्वतः केलेलं. तिचे वडील पेशाने सुतार. इतके दिवस आढेवेढे घेणारा तो माणूस तिच्याकडून हे ऐकून एकदम म्हणाला, अशा हाताच्या माणसाच्या नातवाला मुलगी द्यायला हरकत नाही. आता १४ तारखेच्या रविवारी ते कपाट बघायला येताहेत.

आईबाबांच्या मागे तूच मोठी. कपाट आजोबांचंच, अशा दोन ओळी त्यांना लिही. पत्ता खाली दिलाय. चौतिसाव्या वर्षी जुळतंय गं, मोडू देऊ नकोस. राग आला तरी लोभ ठेव.

तुझा ठोंब्या

९ जून

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि हातातला ब्रश तसाच वाळला. आजोबांनी आयुष्यात एकच खिळा ठोकला, तोही स्वतःच्या बोटावर! आणि थाप मारायची ती सुतारापुढे?

अरे, तो सगळा रंगाचा खेळ. खाली गडद तपकिरी रंग, त्यावर गोंदाचा हात, आणि तो चिकट असतानाच वरून पांढरट रंग, म्हणजे वाळताना भेगा पडतात. कडांना दोन रंगांच्या मधे मेणबत्ती चोळली, की पॉलिश पेपर मारल्यावर तिथला वरचा रंग निघून येतो. त्यात हौसेच्या भरात मी मागच्या कडाही झिजवल्या. भिंतीला टेकलेल्या कडांना कुणाचा हात लागतो? सुताराला ते दिसल्यावाचून राहणार नाही.

मी खोटं लिहिणार नाही. त्यांनी पकडायच्या आत खरं सांगून मोकळा हो. रागावले आहे, पण काळजीने जीव अर्धा झालाय.

तुझी ताई

१३ जून, शनिवार

चि. ठोंब्यास आशीर्वाद.

तुला झापलं खरं, पण मग मलाच चैन पडेना. मागचं स्थळ मोडलं तेव्हा तू आठ दिवस कुणाशी बोलला नव्हतास. आज तिच्या वडिलांना पत्र टाकलं; उद्याच्या भेटीनंतर पोचलं तरी त्यांचा संशय फिटेल. कपाट आजोबांच्या हातचं, मी लहानपणापासून बघत आलेय, असं लिहिलं. पूर्वी ते खोलीच्या मधोमध असायचं, अशी मागच्या कडांचीही सारवासारव केली. मन खातंय. यापुढे तू तोंड बंद ठेव.

ताई

१४ जून, रविवार

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझं रागाचं पत्र काल मिळालं. आज ती आणि तिचे वडील आले. काकांनी कपाट पुढे ओढलं, मागच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि थांबले. ती माझ्याकडे बघत होती. त्यांनी काही विचारायच्या आत मी सगळं ओकून टाकलं.

त्यांनी कपाट परत भिंतीला सरकवलं. मग म्हणाले, आधी खोटं बोललास आणि आज खरं, यातलं तुझं कुठलं? मी छाती ठोकून सांगितलं, खरं ते ताईचं. तिने खोटं लिहायला साफ नकार दिला, तिच्या धाकानेच तोंड उघडलं. काका म्हणाले, पाठीशी अशी बहीण असेल तर मला आणखी चौकशी नको.

ताई, जमलं! तुझ्यामुळे जमलं. आहे तसाच जीव लावत राहा.

तुझा ठोंब्या

१७ जून

माननीय काकांना स. न. वि. वि.

या पत्राआधी माझं एक पत्र तुमच्या हाती पडलं असेल. त्यातला शब्दन् शब्द खोटा आहे. भाऊ तुमच्यापुढे खरं बोलला, तेव्हा ते पत्र टपालात पडलेलं होतं आणि त्याला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मी नकार दिला होता, तो चार दिवस टिकला. त्याने माझी एवढी थोरवी गायली, ती वाचून मला लाज वाटली. खोटं टिकेल असं वाटलं म्हणून मी ते लिहिलं, आणि सगळं हातचं जाईल हे दिसत असताना तो खरं बोलला. क्षमा मागायलाही तोंड नाही. एवढीच विनंती, मुलगी द्याल ती त्याच्याकडे बघून द्या, माझ्याकडे बघून नको.

आपली,
त्याची मोठी बहीण