डावा गुडघा जरा जास्त पांढरा

३ फेब्रुवारी

चि. डावऱ्यास,
अ. उ. आ.

पत्रास कारण आनंदाचं आहे. तुझ्या भाच्याला छापखान्यात नोकरी लागली, पुढच्या महिन्यापासून. धड पँट नव्हती, म्हणून काल गोदामात गेले. ते मोठं स्वस्त दुकान उघडलंय ना, त्याला इथे सगळे गोदामच म्हणतात. विटक्या जीनच्या दोन पँटी आणल्या. शिंपीकाका एका पँटीची नुसती शिलाई घेतात, तेवढ्यात दोन आल्या. अंथरूण पाहून पाय पसरायचे, दुसरं काय? पण काकांच्या दुकानावरून यायचा धीर होईना. पिशवी भाजीखाली दडपून मागच्या बोळातून आले, तर तिथेच भेटले. त्यांनी फक्त कांद्याचा भाव विचारला आणि मला घाम फुटला. चोराच्या मनात चांदणं!

लाँड्रीत इस्त्र्या करून जन्म गेला, त्यामुळे कपडा दिसला की उलटापालटा करते. दोन्ही पँटींचा डावा गुडघा जरा जास्त पांढरा आहे. तुझी पाटीसुद्धा एकाच बाजूने पुसली जायची, ते आठवलं. तुमच्या कारखान्यातला माल तर नाही ना? खोकला गेला का, तेही कळव. सौ. वहिनीला आणि छकुलीला आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढवायला खर्च येत नाही.

तुझी,
ताई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

धन्य आहे तुझी! मीच तो. पँट फळीवर ताणायची आणि नळीने जोरात वाळू मारून गुडघे विटवायचे, हे आमचं काम. जुनी पँट नवी दिसावी म्हणून आई रात्रंदिवस झिजली आणि मी नवी जुनी करून पोट भरतो. नळी डाव्या हातात असते, म्हणून एका गुडघ्याला मार जास्त बसतो. मुकादम ओरडतो, पण माल जातो.

गोदामाने यंदा भाव पाडून मागितला. मालकाने मग धूळ बाहेर ओढणारा पंखाच बंद केला, तेवढीच वीज वाचते. मास्क महिन्याला एक. तो आठवड्यात फाटतो, मग मी हिच्या ओढणीचा तुकडा बांधतो. खोकला थोडा आहे, धुळीचा. तू काळजी करत बसू नकोस आणि काकांना बघून बोळात शिरू नकोस. तुम्ही घेता म्हणून आमची चूल पेटते. भाच्याला सांग, मामाने गुडघे आधीच झिजवून दिलेत, आता तू झिजवू नकोस.

लोभ तुझ्या दराने, म्हणजे फुकट, चालू ठेवावा.

तुझा,
डावऱ्या


२६ फेब्रुवारी

चि. डावऱ्यास,
अ. उ. आ.

थोडा खोकला म्हणे! वहिनीने सगळं कळवलंय. जिन्यात तीनदा बसतोस, आडवा झालास की श्वास लागतो, छकुलीला उचलत नाहीस. बहिणीशी खोटं बोलतोस?

पँटी मी परत करून आले. गल्ल्यावरच्या मुलीने कारण विचारलं, तेव्हा सांगितलं की हे विटवताना माझ्या भावाची छाती भरतेय. तिने कारणांच्या यादीत बघितलं आणि 'माप चुकलं' असं लिहून घेतलं. लाँड्रीतल्या सगळ्यांना बजावलं, गोदामाची पायरी चढेन तर नावाची नाही. काकांकडे एकच पँट शिवायला टाकली. नोकरी सुरू झाली की भाचा तीच रोज संध्याकाळी धुईल आणि सकाळी ओलसरच घालून जाईल. माझ्यावर रागावलाय, रागावू दे.

तू ते काम सोड. फोटो काढून घे छातीचा आणि काय निघालं ते खरं कळव. रागावले तरी लोभ तोच आहे.

तुझी,
ताई


२० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तीन बैठकीत लिहितोय. फोटो काढला. वाळू फुप्फुसात बसली आहे आणि ती निघत नाही, असं डॉक्टरांनी हिला बाहेर बोलावून सांगितलं. मला दारातून ऐकू आलं. आमच्या वाळूच्या खोलीतल्या चौघांपैकी दोघे आधीच घरी बसलेत. मला मार्चात काढलं.

पँटी परत करायला नको होत्यास. तुझं चुकलं असं म्हणत नाही. घेतल्या तर धूळ आणि नाही घेतल्या तर उपास. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पण ताई, तीन वर्षं मी गुडघे विटवले आणि माझ्या हातची एकही पँट माझ्या माणसाच्या अंगावर बघितली नाही. अजून तिथे असतील तर एक घेऊन ये आणि भाच्याला ती घालून माझ्याकडे पाठव. फार वेळ लावू नकोस.

तुझ्या लोभावर विसंबून,
डावऱ्या


९ जुलै

वहिनीस,
अ. उ. आ.

तुझ्या नावाआधी आजवर एक अक्षर लिहायचे, तिथेच पेन थांबलं. तुझा निरोप मिळाला. तो गेला आणि मी इथे इस्त्र्या करत होते.

तुला खरं सांगते. त्याचं पत्र एप्रिलातच मिळालं होतं. पण लाँड्रीतल्या बायांसमोर नाक वर करून बसले होते ना! गोदामात शिरताना कोणी बघितलं तर काय म्हणतील, या लाजेपायी आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. त्याने दुसरं काही मागितलं नव्हतं. ही माझी चूक मला जन्मभर पुरेल.

काल भरदुपारी पुढच्या दाराने गेले. बायांनी बघितलं, काकांनीही बघितलं. ढिगातल्या सगळ्या पँटींचे गुडघे सारखे होते. त्याच्या जागी आता कोणीतरी उजवा आला आहे, त्याच्या तोंडाला काय बांधलंय कोण जाणे. मी पूर्ण ढीग उपसला. तळाशी एक निघाली, डावा गुडघा जास्त पांढरा. जुना माल म्हणून भाव आणखी उतरवला होता. आता कुठे माझ्या खिशाला सहज परवडली.

शुक्रवारी आम्ही तुला आणि छकुलीला न्यायला येतोय. भाचा तीच पँट घालून येईल, मी घालायला लावली आहे. दार तू उघडशील, तेव्हा आधी त्याच्या तोंडाकडे बघ, खाली मग बघ. मी मागेच असेन.

त्याच्या वाटचा लोभही आता तुम्हा दोघींचाच.

तुझी,
ताई