तीन बातम्यांची सरासरी

ता. ४ मार्च

चि. बुटकीस, अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत. फोनवर मला धड ऐकू येत नाही आणि तुझी आई मधे मधे बोलते, म्हणून पत्रच बरं. विषय तुझाच आहे. मोठ्या चॅनेलवर काल तुमच्या पाणीखात्याची प्रयोगशाळा दाखवली. टेकडीखालच्या वस्तीतली मुलं पाण्यानं आजारी पडली आणि पाणी तपासणाऱ्या बाईंनी डोळे मिटून सह्या केल्या, असं ती निवेदिका ओरडून सांगत होती. त्या बाई म्हणजे तूच ना गं? घाबरून दुसरं चॅनेल लावलं, तर तिथे पाणी एकदम निर्मळ, आजारी कुणीच नाही आणि सगळा विरोधकांचा कांगावा. वस्ती तीच, दिवस तोच!

माझं डोकं गरगरायला लागलं. तुला ठाऊक आहे, जमीन मोजण्यात माझा जन्म गेला. एकच बांध तीनदा मोजायचा आणि तिन्हींची सरासरी काढायची, ही आमची रीत. हल्ली बातम्यांचंही मी तसंच करतो. तिसरं माप म्हणून पेपर उघडला, त्यात नुसतं चौकशी सुरू असल्याचं दिलंय. सरासरी अशी निघते की पाणी थोडं खराब होतं आणि तुझ्याकडून थोडी हयगय झाली. थोडीच हं, फार नाही. खरं काय ते कळव.

डबा न खाता परत आणू नकोस. तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
बाबा

ता. ८ मार्च

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसावं की रडावं ते कळेना. बाबा, मी तपासलेलं पाणी चांगलंच होतं. आमच्याकडून ते स्वच्छ निघतं. पुढे वस्तीत जाणारा जुना पाइप गटाराला खेटून जातो आणि त्याचे सांधे गळतात. वरिष्ठांना मी दोनदा सांगितलं, ते बघू म्हणाले. आता बाहेर कुणाशी बोलायचं नाही असा हुकूम आहे. फाटकावर कॅमेरे असतात, म्हणून मी एवढंसं तोंड करून मान खाली घालून जाते. आणि थोडी हयगय म्हणजे काय हो? माझी सही खरी तरी असेल, नाहीतर खोटी तरी. तुम्ही तिन्ही वेळा स्वतः बांधावर मोजणीची साखळी टाकत होता. या तिघांपैकी वस्तीत कोण गेलं होतं?

एक छोटी वेबसाइट आहे, पेपरातली नोकरी सोडलेल्या एक बातमीदार बाई ती चालवतात. आरडाओरडा नाही, आणि स्वतःचं काही चुकलं तर तेही ठळक छापतात. पत्ता खाली देते, टॅबवर अक्षरं मोठी करून वाचा.

आईला सांगा, मी वेळेवर जेवते. तुमच्या मायेची सध्या जरा जास्तच गरज असलेली,
बुटकी

ता. १३ मार्च

चि. बुटकीस, अनेक आशीर्वाद.

तुझी वेबसाइट वाचायला घेतली आणि जास्तच घोटाळ्यात पडलो. पहिल्या दिवशी त्या बाईंनी लिहिलं की आजाराचं कारण आम्हाला अजून माहीत नाही. ही काय बातमी झाली? माहीत नाही हे तर मलाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी, काल आमचा आकडा चुकला म्हणून माफी. ज्यांचं चुकतं त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा? आणि ज्यांचं कधीच चुकत नाही, त्यांच्यावर तरी कसा? तुझ्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, आधी लेकीवर ठेवा. न्हाव्यानं मला सगळ्यांदेखत विचारलं होतं की टीव्हीवरची ती तुमचीच मुलगी का, आणि मी हो म्हणून वर चौकशी सुरू आहे असं म्हणालो. हे कळल्यापासून ती माझ्याशी नीट बोलत नाही.

पण काल जीव भांड्यात पडला! वेबसाइटनं सविस्तर छापलंय. पाणीखात्यातल्या एका जाणकार कर्मचाऱ्यानं सांगितलं की पाणी स्वच्छ निघतं, दोष जुन्या पाइपाच्या सांध्यांत आहे. आता माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास बसला. हा कर्मचारी कोण, तुला ठाऊक आहे का? हुकूम मोडून बोलला म्हणजे छातीचा माणूस. भेटला तर माझा नमस्कार सांग.

डोक्यावरचं ओझं उतरलेला,
बाबा

ता. १७ मार्च

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

नमस्कार पोचला. तो कर्मचारी मीच.

तुम्हाला लिहिलं तेच त्या बाईंना सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. त्यांनी लगेच मान्य केलं नाही. त्या वस्तीत गेल्या, घराघरातलं पाणी दुसरीकडे तपासून घेतलं, खणलेला पाइप पाहिला आणि मग छापलं. मी सांगितलं तेव्हा ते लेकीचं गाऱ्हाणं होतं, त्यांनी छापलं तेव्हा खरं झालं. फार लागलं मला, बाबा. तपासल्याशिवाय काही मानू नये, हे तुम्हीच मला शिकवलंत. मग त्या बाईंनी तपासलं ते मला आवडलं आणि तुम्ही शंका घेतलीत ती का आवडली नाही, याचं उत्तर मलाही सापडत नाही.

एक मात्र पाळा. हे आईशिवाय कुणालाही सांगू नका, आणि तिलाही हळू सांगा, तुमचा आवाज रस्त्यावर ऐकू जातो. माझं नाव फुटलं तर नोकरी गेलीच.

रागावलेली तरी तुमचीच,
बुटकी

ता. २१ मार्च

चि. बुटकीस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रानं माझी मान खाली गेली. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, मला वाटलंच होतं.

आता जे घडलं ते लिहितो. सकाळी न्हाव्याकडे गेलो होतो. मोठं चॅनेल लागलेलं होतं. त्यावर एक कोटवाले गृहस्थ सांगत होते की असा कुणी जाणकार कर्मचारी नाहीच, वेबसाइटनं तो कल्पनेतून काढलाय. सगळं दुकान हसलं. न्हावी म्हणाला, काका, हल्ली असंच असतं, कशाचंच खरं धरायचं नाही. मला ते सहन झालं नाही. गळ्यात कापड, अर्धं डोकं कापलेलं, तसाच उठलो आणि म्हणालो की ती कल्पना नाही, ती माझी मुलगी आहे, आणि तिचा शब्द न शब्द खरा आहे.

आपण आज बापासारखे वागलो, असं मला वाटलं. मग शेजारच्या खुर्चीतल्या माणसानं गालाचा फेस पुसला आणि फार अदबीनं तुझं नाव विचारलं. ते मी सांगितलं नाही. पण माझं नाव तिथे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तो माणूस त्याच चॅनेलचा बातमीदार निघाला.

आई दुपारपासून फोन लावतेय, तू उचलत नाहीस. बातमी लागली की काय, हे बघायला टीव्ही लावायचं धाडस होत नाही. मी तुझी बाजू राखली की तुझं वाटोळं केलं, मला खरंच समजत नाही गं. उद्याच्या पहिल्या गाडीनं आम्ही दोघं निघतोय.

तुझ्यावर पुरता विश्वास ठेवून तुलाच गोत्यात आणलेला,
बाबा