ती परत येते, अण्णा

प्रिय अण्णा,

आज दुपारी तुमच्या दुकानात गेले होते. तुम्हाला जाऊन अडीच महिने झाले, पण तुमचा जेवणाचा डबा आणि चष्म्याचं घर अजून तिथंच फळीवर होतं. आईनं ते आणायला पाठवलं. पाच मिनिटांत परत येईन असं सांगून निघाले होते. पण दुकानात तुमच्या जोडीला काम करणाऱ्या सलीमचाचांचं बोलणं ऐकून आले. डबा ओट्यावर ठेवला आणि हे लिहायला बसले. माझी एक चूक आहे. ती तुमच्यापाशीच कबूल करायला हवी.

नवी पेठेतलं ते दुकान म्हणजे माझी पहिली शाळा, नाही का? दुपारी दोननंतर उन्हानं रस्ता रिकामा व्हायचा. सकाळभर गिऱ्हाइकांपुढं उलगडलेल्या चादरींचा ढीग पडलेला असायचा. सोलापुरी चादर एकट्यानं नीट घडी होत नाही. दोन टोकं तुमच्या हातात, दोन माझ्या. झटका द्यायचा, टोकं जुळवायची, चालत एकमेकांकडे यायचं. ‘टोक धर की गं शुभे,’ म्हणायचात आणि लगेच, ‘हां, पुढं काय झालं?’ मी शाळेच्या ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकातली गोष्ट सांगत असायचे. ढीग संपला तरी गोष्ट उरली, तर तुम्ही एखादी घातलेली घडी मुद्दाम मोडायचात!

मी एम.ए.ला स्पॅनिश साहित्य घेतलं तेव्हा घरात केवढा गोंधळ झाला होता. करमाळ्याहून आत्या आली ती हेच विचारत, ‘अगं, पण ती भाषा बोलायची कुणासंगं?’ तुम्ही चहा पीत बसला होता. म्हणालात, ‘हितं कुणी बोलत न्हाय म्हणूनच शिकायची. हितलं तर येतंयच की तिला.’ मी बॅग भरायला घेतली.

आणि गेले कुठं? स्पेनला नाही, मेक्सिकोला नाही, हैदराबादला! सकाळी गाडीत बसलं की दुपारी माणूस सोलापुरात. हे अंतर मी लांब करून ठेवलं, अण्णा. आधी वर्ग, मग पेपर, मग प्रबंध. दिवाळीलासुद्धा आले नाही. तुम्ही फोनवर म्हणालात, ‘असू दे, करंज्या पाठवतो.’ मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. आज ते आठवून स्वतःचीच लाज वाटते.

पण दुपारचा दोनचा फोन मात्र चुकला नाही. तुम्ही फोन चादरींच्या थप्पीवर ठेवून आवाज मोठा करायचात. माझ्याकडची टोकं आता सलीमचाचांच्या हातात असायची. मी जे पुस्तक प्रबंधासाठी वाचत होते, तेच तुम्हाला मराठीत सांगत होते, रोज चार-पाच पानं.

ते पुस्तक मी निवडलं तेच तुमच्यामुळं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. दक्षिण अमेरिकेतल्या एका बंदरातला दोर वळणारा म्हातारा. दोर वळायलाही दोन माणसं लागतात. एकानं टोक धरायचं, दुसऱ्यानं पीळ देत मागं मागं जायचं. टोक धरणारी त्याची पोर एक दिवस शिकायला राजधानीला निघून जाते. मग म्हातारा ते टोक खुंटीला बांधून काम करत राहतो. तुम्हाला ही गोष्ट फार लागली होती. तुमच्यासाठी गोष्ट म्हणजे खबर असायची, खऱ्या माणसांची. ‘म्हातारा आज जेवला का?’ असं तुम्ही विचारायचात, आणि मी हसायचे.

शेवटचं प्रकरण उरलं होतं, त्या दिवशी मला वर्गापुढं निबंध वाचायचा होता. माझी तयारी झाली नव्हती. तुम्ही विचारलंत, ‘पोरगी आली का गं?’ नीट सांगायला अर्धा तास लागला असता. मी म्हटलं, ‘नाही आली, अण्णा. म्हातारा एकटाच राहतो. संपलं पुस्तक.’

तुम्ही म्हणालात, ‘बरं. येळेवर जेव.’

खोटं होतं ते. घाईतलं खोटं. घरी गेल्यावर खरं सांगू, समोर बसून, असं मनाशी म्हटलं आणि विसरून गेले. कशी विसरले मी?

मग तुमच्या छातीत दुखलं. तीन दिवस तुम्ही दवाखान्यात होता आणि मला कुणी कळवलं नाही. कळलं तेव्हा तुम्ही नव्हताच. त्या दिवशी सगळ्यांदेखत मी आईवर ओरडले. ‘मला का नाही बोलवलंस? कुणीच लागत नव्हते का मी त्यांची?’ आई एवढंच म्हणाली, ‘त्यांनी शपथ घातली होती.’ मी अडीच महिने तिच्याशी धड बोलले नाही. तुम्ही असली शपथ का घातलीत ते मला कळत नव्हतं.

आज कळलं.

सलीमचाचा डबा पुसून देताना म्हणाले, ‘बेटा, ती दोरवाल्याची पोर. तिच्यावरून अण्णा लई भांडायचे लोकांशी.’ मला वाटलं चेष्टा करतायत. तर म्हणाले, ‘माळशिरसची एक बाई आली होती, लग्नाच्या चादरी घ्यायला. अण्णांनी तिला पण गोष्ट सांगितली. ती म्हटली, असली कसली पोर, बापाकडं येत न्हाय? तर अण्णा चिडले की! म्हटले, का यावं तिनं? तितं तिचं काम हाय. शिकाय गेलेल्या पोरीला हाक मारून मागं फिरवायचं नसतं. त्या म्हाताऱ्यानं मारली का हाक? मग!’

माझ्या एका खोट्यावरून तुम्ही ठरवून टाकलंत, की चांगला बाप हाक मारत नाही. दवाखान्यात पडल्या पडल्यासुद्धा मारली नाहीत. अहो, पण तुम्ही तरी माझं का ऐकलंत? इतर वेळी तर आठ प्रश्न विचारायचात, त्याच दिवशी एकही कसा नाही विचारलात? ‘खरंच न्हाय आली?’ एवढं जरी म्हणाला असतात, तरी मी सांगितलं असतं. सांगितलं असतं ना?

चाचांनी विचारलं, ‘नाहीच आली ना ती?’

‘आली, चाचा,’ मी म्हटलं. ‘मी खोटं सांगितलं.’

ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. पण हळूच म्हणाले, ‘ज्यानं ज्यानं चादर घेतली त्याला गोष्ट सांगितली गं त्यांनी. आता त्या समद्यांना कोण सांगणार?’ आणि पुढ्यातली चादर एकटेच घडी घालायला लागले. टोकं जुळेनात. मी हातातला डबा खाली ठेवून दुसरी बाजू धरली. आम्ही दोघांनी सगळा ढीग संपवला.

तर अण्णा, हे ऐका. ती परत येते. शेवटच्या पानावर, भर दुपारी. म्हातारा तिला बघतो, काही विचारत नाही, खुंटीचं टोक सोडतो आणि तिच्या हातात देतो. ती ते धरून उभी राहते. म्हातारा पीळ देत मागं जायला लागतो. तिथंच पुस्तक संपतं. त्या एका पानावर मी परीक्षकांसाठी वीस पानं लिहिली आहेत. ती वाचून माझ्या मार्गदर्शक बाईंनी माझं कौतुक केलं. तुम्हाला मात्र अर्धा तास देता आला नाही मला.

आता हे पुस्तक मी मराठीत आणणार आहे. तुमच्यासारख्या माणसाला कळेल अशा मराठीत, आणि सुरुवात शेवटच्या पानापासून करणार आहे. छापून झालं की पहिली प्रत दुकानात, चादरींच्या थप्पीवर. चाचा म्हणालेत, जुनं गिऱ्हाईक आलं की त्याला आधी ते पान वाचून दाखवू. आणि हे पत्र पुरं झालं की उठून आईपाशी जाणार आहे. तिचं काही चुकलं नव्हतं, हे तिला आजच सांगते.

पुस्तकातली पोर येते तेव्हा म्हातारा असतो, अण्णा. तिला उशीर झालेला नसतो.

टोक सोडून गेलेली तुमची,
शुभी