सातवी काटकी

आबा, परवा पुण्यात डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि ते नातवाशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलले. नातू माझ्याकडे वळून हसला. म्हणाला, "आजी, काही नाही. चल, चहा घेऊ." आजीची शाळा आठवीत सुटली एवढंच त्याला ठाऊक. पण डॉक्टरांच्या तोंडचा पहिला शब्द मला लागलीच कळला. तेव्हापासून घास उतरत नाही. मरणाला भिते का, तर भिते, तुमच्याशी खोटं कशाला बोलू. पण त्या शब्दाला जास्त भिते. तो मी तुमच्याजवळ बसून ऐकला होता, घाटाच्या रस्त्यावर, आणि तेव्हा मीही नातवासारखीच वळून हसले होते.

तुम्ही सुरुंगाचं काम करायचात. आपली भातखाचरं तुमच्या लहानपणीच धरणाच्या पाण्याखाली गेलेली, वरच्या तुकड्यात नाचणीशिवाय काही येत नव्हतं. मग घाटाकडे रस्त्याचं काम निघालं तसे तुम्ही पहार घेऊन तिकडे गेलात. सकाळी निघताना उंबऱ्यातून आईला आकडा सांगायचात, "आज सात," नाहीतर "आज पाच." आई तेवढ्या काटक्या मोजून चुलीच्या कडेला मांडून ठेवायची. दुपारी माणसं मागे सरली, शिट्टी झाली की डोंगरात बार उडायचे, आणि आई एकेका बाराला एकेक काटकी चुलीत सारायची. शेवटची सारली की मगच तिला जेवण सुचायचं. मी ताटलीपुढे बसले आहे, भुकेने जीव चाललाय, आणि आई मान वर करून नुसती कान देते आहे. एकदा मी कंटाळून म्हणाले, "एखादा इकडं तिकडं झाला आसंल." संध्याकाळी तुम्हाला ते कळलं आणि तुम्ही मला समोर उभं केलंत. "सात म्हंजे सात. सा ऐकू आलं तर दुसऱ्या दिसापातुर तितं पाय ठिवायचा न्हाई. ह्यात इकडं तिकडं नसतंय, बाय." मारलं नाहीत, पण तुमचा आवाज थरथरत होता. तुम्हालाही भीती वाटते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि मी आणखीच घाबरले.

रस्त्यावरचा साहेब मुंबईचा, त्याला मराठी येत नव्हतं. त्याचं बोलणं मुकादम तुम्हाला समजावून सांगायचा. मी पौडच्या शाळेत आठवीला होते, इंग्रजी नुकतंच सुरू झालेलं, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी तुमची भाकरी घेऊन आले की मी साहेबाच्या तोंडाकडे बघत बसायचे. त्याच्याजवळ प्रत्येक संकटाला एक बारकं नाव होतं. दरड आली की तो म्हणायचा, 'अ लिटल डिले.' पहारीखाली एकाचं बोट चेचलं, कातडी लोंबत होती, तेही 'जस्ट अ स्क्रॅच.' आपल्याकडे असं काही झालं की बाया कपाळाला हात लावायच्या आणि मी घरात पळायचे. साहेबाने तेच इंग्रजीत म्हटलं की ते खिशात मावेल एवढं व्हायचं. मला ती भाषा हवी होती, आबा. मी भारी भित्री पोर, आणि मला वाटायचं, इंग्रजी येणाऱ्या माणसाला भीती वाटतच नाही. तुम्ही पुण्याहून मला लाल पुठ्ठ्याचा छोटा शब्दकोश आणून दिलात. मग मी साहेबाच्या तोंडचे शब्द त्यात शोधायचे आणि सापडला की पेन्सिलीने खाली रेघ मारायचे. शाळेच्या धड्यातले शब्द मात्र तसेच राहिले.

त्या दिवशी सात होते. मुकादम पौडला गेलेला. तुम्ही वर सुरुंगांना वाती लावत होता आणि मी आंब्याखाली तुमची भाकरी घेऊन बसले होते. साहेब येऊन मला इंग्रजीत विचारतो, कितवीला आहेस. मी उत्तर देते. तो 'गुड गर्ल' म्हणतो, आणि सगळे गडी माझ्याकडे असे बघतात की मी जणू कलेक्टरच झाले. मग तुम्ही वाती पेटवून धावत आलात, माझ्याजवळ बसलात आणि आपण दोघांनी बोटांवर बार मोजले. सहा. धूळ खाली बसली. सातवा नाही. तुम्ही गड्यांना म्हणालात, "आज आता तिकडं कुनी जायाचं न्हाई. उद्या बघू." साहेबाकडे दुपारी कुणी बडे पाहुणे रस्ता बघायला येणार होते. त्याने घड्याळ बघितलं, डोंगराकडे बघितलं आणि माशी हाकलावी तसा सहज बोलला, "प्रॉबेब्ली नथिंग. टू वेंट टुगेदर."

"काय म्हनतुया?" तुम्ही मला विचारलंत.

मी हसत तुमच्याकडे वळले. "म्हनत्यात, काय न्हाई. दोन एकदम उडालं."

"नक्की?"

"व्हय."

स्वतःच्या कानांनी मोजलेले सहा सोडून तुम्ही माझं इंग्रजी धरलंत. भाकरीचं फडकं माझ्या हातात दिलंत, पहार उचललीत, आणि शेजारच्या गड्याला म्हणालात, "पोरीला शाळंत घातल्याचं चीज झालं बघ." तेही मी ऐकलं. फुगलेल्या छातीने मी तुमची पाठ लांब जाताना बघत राहिले. तुम्ही खडकाशी वाकलात आणि सातवा उडाला. गडी तुमच्याकडे धावले, मी उलटी घराकडे पळाले. आई चुलीपुढे तशीच बसली होती, सातवी काटकी मुठीत धरून. बार तिलाही ऐकू आला होता. इतक्या उशिरा आलेल्या बाराची काटकी चुलीत घालायची की नाही, तिला कळत नव्हतं.

तुम्ही वाचलात, डोळे गेले. महिन्याभराने साहेबाच्या कचेरीतून इंग्रजीतला कागद आला. तुम्ही ओट्यावर बसला होता. "वाच, बाय," म्हणालात. मी वाचलं, अर्थ सांगितला: कामावर किरकोळ प्रकार घडला, एका मजुराच्या डोळ्यांना थोडी इजा. "थोडी?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, कागदात 'स्लाइट' लिहिलंय, म्हणजे थोडी. तुम्ही हात पुढे करून माझं तोंड चाचपत शोधलंत, गाल सापडल्यावर हात तिथेच ठेवलात. "सायबाला थोडं दिसलं आसंल," म्हणालात. मग विचारलंत, "त्या दिशी त्यो नक्की काय म्हनला हुता गं?" तुमचा हात माझ्या गालावर होता आणि मला दरदरून घाम फुटला होता. तो तुम्हाला लागलाच असणार. मी म्हटलं, "त्येच म्हनला. काय न्हाई." तुम्ही मान हलवलीत. पुढे अकरा वर्षं जगलात, पण पुन्हा कधी विचारलं नाहीत.

तुमचा हात धरून न्यायला मी शाळा सोडली, असं सगळा गाव म्हणायचा. पोर गुणाची, म्हणायचा. खरं सांगायचं तर मला इंग्रजीचं पुस्तक उघडायची धास्ती बसली होती. तुम्ही गेल्यावर आईला मी अर्धं सांगितलं. साहेबाच्या बोलण्यात आणखी एक शब्द होता, तो मला येत नव्हता, म्हणून सुटला, असं म्हणाले. आई म्हणाली, "चौदा वर्साची पोर तू, तुला काय कळावं." तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मी तो फिरवू दिला.

उद्या परत तपासणीला जायचं आहे. "जस्ट रुटीन, आजी," नातू म्हणतो. त्याला विचारावंसं वाटतं, बाबा रे, डॉक्टरांचा पहिला शब्द तू का गाळलास? पण विचारलं तर तो खरं सांगेल, याची भीती वाटते. आणि मग तो मला विचारेल, आजी, तुला तो शब्द कसा येतो?

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? शब्दकोशातच ठेवते. लाल पुठ्ठा कधीच गेला, पानं पिवळी पडली, पण ते पान शाबूत आहे. 'प्रॉबेब्ली', आणि पुढे अर्थ, 'बहुधा'. त्याच्याखाली पेन्सिलीची रेघ आहे, आबा. ती मी त्या दिवसाच्या आधीच्या रविवारी मारली होती.