बंद केलेला पंखा

मंगळवार, मे १९९८. संध्याकाळ.

आज सिन्नरला आत्याकडे गेलो आणि आत शिरताच तिचा पंखा बंद केला. का केला? हात आपोआप बटणाकडे गेला.

आमच्या समाजसेवेच्या क्लबच्या नेत्रदानाच्या कामात शिरलो तो मी लिहितो त्या कथांना काही मिळेल म्हणून. आता फोन आला की डॉक्टरांच्या आधी मीच मयताच्या घरी पोचतो. आधी पंखा बंद, म्हणजे डोळे सुकत नाहीत. मग पापण्यांवर ओला कापूस. घरचे रडत असतात, त्यांना हे कुठून सुचणार? नंतर तेच हात जोडतात.

पण आत्या नुसती झोपली होती. आजारी आहे, तोंड उघडं होतं, एवढंच. पंखा थांबला तसे तिने डोळे उघडले.

"अजून आहे रे मी. लाव तो."

लावला. हसायला गेलो, जमलं नाही.

"कापूसपण आणलायस का?"

नव्हता आणला. पण मी तिच्या पापण्यांकडेच बघत होतो. ते तिला दिसलं असणार. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं, आणि नेत्रदानाला हिला तयार केलं मीच.

"आत्या, तुझं नाव काढून टाकू का?"

"कशाला? डोळे न्या की. फक्त तू येऊ नकोस. दुसऱ्या कुणाला पाठव."

बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

तिला झोप अनावर झाली होती, दिसत होतं. पण मी उंबरा ओलांडेपर्यंत तिने डोळे मिटले नाहीत.