बाबांच्या नावाचं लॉन

प्रिय सावनी,

फोनवर बोलायला लागलं की तू रडतेस, मग तुझी समजूत काढता काढता माझं बोलणं राहूनच जातं. म्हणून लिहिते. बाबांना जाऊन दोन महिने होतील. मी जेवते, झोपते, गोळ्या वेळेवर घेते. रडू मात्र अजून आलेलं नाही. बायका टकामका बघतात माझ्याकडं. बघू देत.

सोसायटीनं त्यांच्या नावाची बाग करायचं ठरवलंय. मागं, डोंगराच्या बाजूला, बाबांनी लावलेलं सगळं उपटून तिथं लॉन, कडेनं पाम, मधे कारंजं आणि संगमरवरी पाटी. आपला चेअरमन इंद्रजीत मोठ्या मायेनं सांगायला आला होता. म्हणाला, काकू, काकांची बाग उन्हाळ्यात लई वाळून जाते, त्यांच्या नावाला शोभत नाय.

वाळणारच की ती. डोंगर वाळतो तेव्हा वाळते, डोंगरासोबत हिरवी होते. बिल्डरनं लॉनच मागितलं होतं, तर तुझे बाबा बागेचे नकाशे गुंडाळून घरी आले होते, आठवतं? डोंगर जेवढ्या पाण्यावर जगतो तेवढ्यावर जगेल तेच लावीन, हा हट्ट. शेवटी बिल्डरच नमला. हिवर, बोरी, तरवड, मधे डोंगरावरचंच गवत, आणि भिंतीऐवजी काटेरी कुंपण, म्हणजे तितर-ससे खालून येतील-जातील. पावसाचं पाणी चरांत मुरतं म्हणूनच मे महिन्यात शेजारी टँकर येतात आणि आपली बोअर चालते. हे सगळ्यांना माहीत आहे, तरी बोअरचं पुण्य कुणी त्या वाळक्या गवताला देत नाही.

माणसं वाईट नाहीत गं. सुतकात आपल्या घरी चूल पेटली नाही, तेव्हा दोन्ही वेळचे डबे ह्याच लोकांच्या घरांतून आले. इंद्रजीतच्या बायकोनं तर मला बळेबळे भरवलं. खाल्ल्या मिठाला जागायचं तर मी मुकाट मान हलवायला हवी होती.

पण परवा बैठकीत मी उठले आणि नको म्हणाले. आवाजसुद्धा चढवला नाही. कुणीतरी पाणी आणलं, कुणी पाठीवरून हात फिरवला, मला खुर्चीत बसवलं. काकू अजून सावरल्या नाहीत, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि विषय पुढं सरकला. आता इंद्रजीत तुला फोन करील. मुलीचा होकार आला की जेसीबी बोलावणार आहेत. आईला धक्का बसलाय म्हणेल, आणि बाबांचं नाव निघालं की तू रडायला लागशील. तेव्हा हो म्हणू नकोस. माझं डोकं ठिकाणावर आहे, सावनी. रडू येत नाही, एवढंच. ते गेल्यापासून मी एकदाच तोंड उघडलं आणि कुणी ऐकलं नाही. तू तरी ऐक.

तुझीच,
आई