हळदीकुंकवात थांबलेला हात

शुक्रवार, संध्याकाळ

लग्न ठरलं तेव्हा माझी आई म्हणाली होती, "नवरा बोटीवरचा आहे, वाट बघायला शीक." शिकले. पण हे जहाजावरून बेपत्ता झाले, वर्षं लोटली, आता नक्की कशाची वाट बघतेय?

आज शेजारच्या वहिनींकडे चैत्रातलं हळदीकुंकू. कुंकू लावताना त्यांचा हात माझ्या कपाळाजवळ येऊन थांबला. "आधी पन्हं घे गो," म्हणाल्या. त्यांच्यावर का रागवू? मी सवाशीण की विधवा, मला तरी कुठे ठाऊक आहे? तो थांबलेला हात डोळ्यांपुढून हलत नाही. घरी येऊन रडले, तर सासूबाई कडाडल्या, "अभद्र रडू नकोस, जिता आहे माझा झील!"

सासूबाई नाहीच म्हणतील, तरी उद्या त्यांना विचारणार आहे. आई, दर्भाचा पुतळा करून यांना अग्नी देऊ या? मला एकदा रडू द्याल?